करुणेच्या काचेमागचा इतिहास

संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचा निरुपद्रवी साठा, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची समजूत आहे. ती खोटी आहे. ग्रंथाप्रमाणे संग्रहालयालाही लेखक असतो, नायक असतो. आणि नाव न देता कोपऱ्यात उभी केलेली माणसेही असतात. म्हणून साहित्यकृतीची करतो तशी त्याचीही चिकित्सा व्हायला हवी. मॉरिशसमधील माहेबूर येथले राष्ट्रीय इतिहास संग्रहालय पाहताना ही गरज तीव्रतेने जाणवते.

हे संग्रहालय अठराव्या शतकातील एका फ्रेंच हवेलीत आहे. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोर्टच्या आरमारी लढाईत फ्रेंचांनी इंग्रजांना हरवले. दोन्ही बाजूंचे जखमी सेनानी, दुपेरे आणि विलोबी, याच घरात एका छताखाली शुश्रूषेसाठी ठेवले गेले. ही कथा माणुसकीचा नमुना म्हणून सांगितली जाते. परंतु प्रश्न असा, की त्या घरात पाणी कोणी भरले? रक्ताळलेली वस्त्रे कोणी धुतली? त्या काळी बेटावरची बहुसंख्य माणसे गुलाम होती. एकमेकांवर तोफा डागणारे मालक एका घरात बरे होऊ शकतात. गुलामाला मात्र त्या माणुसकीत जागा नसते. त्याच वर्षी डिसेंबरात बेट इंग्रजांकडे गेले. मालकांचे निशाण बदलले, गुलामांचे मालक बदलले नाहीत. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा सुमारे वीस लाख पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या पदरी काय पडले? त्याच मालकांकडे ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी काही वर्षांची सक्तीची मजुरी.

संग्रहालयातील सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे ‘सँ-जेराँ’ या जहाजाची घंटा. १७४४ साली हे जहाज बेटाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ फुटले. या घटनेवरून बेर्नार्दँ द सँ-पिएर याने १७८८ मध्ये ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी लिहिली, आणि जहाजफुटी जगाला ठाऊक झाली ती बुडालेल्या नायिकेमुळे. कल्पित व्हर्जिनीसाठी वाचकांच्या पिढ्या रडल्या. पण त्याच जहाजावर आफ्रिकेतील गोरे बेटावरून चढवलेले गुलाम होते, आणि साखर कारखान्याची यंत्रेही होती. गुलाम आणि घाणा एकाच जहाजात! मॉरिशसचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास त्या एका जहाजात भरलेला होता. तो सोडून आपण प्रेमकथा वाचली.

कादंबरीकार दुष्ट नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तो बेटावर राहिला होता, आणि १७७३ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने गुलामगिरीचा निषेध केला होता. तरीही त्याच्या कादंबरीत काय घडते? मालकाच्या छळाने पळालेली एक गुलाम स्त्री व्हर्जिनीकडे येते. व्हर्जिनी तिला जेवू घालते, आणि मग क्षमा मागण्यासाठी तिला मालकाकडेच परत नेते! मालक क्षमेचे वचन देतो. पुढे कळते, की त्या स्त्रीच्या पायात बेडी आणि गळ्यात लोखंडी कडे अडकवले आहे. लेखक मालकाचा खोटेपणा दाखवतो; पण पळून जाणे हाच तिचा न्याय होता, एवढे त्याची करुणा म्हणू शकत नाही. करुणेची मर्यादा ती हीच. ती भाकरी देते, अश्रू देते, आणि हात धरून पुन्हा मालकाच्या दारात नेऊन उभे करते. आपल्याकडील दयाबुद्धीने लिहिलेल्या साहित्यात ही व्हर्जिनी आपण ओळखत नाही काय?

कोणी म्हणेल, गुलामांच्या मालकीचे काहीच नव्हते, मग संग्रहालयाने मांडावे काय? ही अडचण खरी आहे, पण ती सबब होऊ शकत नाही. आहे त्याच घंटेखाली जहाजातील गुलामांचा उल्लेख ठळक अक्षरांत करता येतो. सत्य व न्याय आयोगाच्या २०११ च्या अहवालानंतर पोर्ट लुई येथे गुलामगिरीचे स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले, ते २०२३ मध्ये. स्वातंत्र्यानंतर ५५ वर्षांनी! आणि स्वतंत्र दालन झाले म्हणून ‘राष्ट्रीय’ म्हणवणाऱ्या दालनाची जबाबदारी संपत नाही.

यात आपलाही हिशेब आहे. १८३४ नंतर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर तेथे गेले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत: नाव, वय, गाव, आणि जात. समुद्र ओलांडला तरी जातीचा रकाना सुटला नाही. आज पूर्वजांच्या कष्टांचा गौरव होतो, तो व्हावाच. पण ‘भारतीय मजूर’ या एका शब्दाखाली तो रकाना झाकला जात असेल, तर आपणही घंटेखाली अर्धीच पाटी लावत आहोत.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. दूरच्या काळ्या माणसाच्या बेडीत त्यांनी आपली बेडी पाहिली. संग्रहालयात शिरताना आपल्या विद्यार्थ्यांना ही नजर दिली पाहिजे. वस्तू कोणाची, एवढे विचारून थांबू नका. ती कोणी वाहिली, हे विचारा. आणि वाहणाऱ्याचे नाव पाटीवर का नाही, याचा जाब मागा.