धक्क्यापुरती कादंबरी

गिलियन फ्लिनची ‘गॉन गर्ल’ २०१२ साली आली आणि इंग्रजी थरारकादंबरीने आपलं बिऱ्हाड गुप्तहेराच्या ऑफिसातून थेट नवरा-बायकोच्या खोलीत हलवलं. खुनी कोण, हा प्रश्न मागे पडला. ज्याच्याशी संसार केला तो माणूस नक्की कोण, हा पुढे आला. त्यानंतर नावात ‘गर्ल’ नाहीतर ‘वाइफ’ असलेल्या कादंबऱ्यांची रीघ लागली. त्यातल्या बऱ्याच मी वाचल्या, काही अर्ध्यावर टाकल्या. तक्रार एकच आहे. यातल्या बहुतेक कादंबऱ्या शेवटच्या धक्क्यासाठी रचलेल्या असतात आणि वाचकाला फसवण्याचं काम त्यांत पात्रांऐवजी लेखकच करतो.

‘गॉन गर्ल’वर हा आरोप करता येत नाही. (तिच्यावरचा चित्रपट २०१४ सालीच येऊन गेला, तेव्हा कथानक फोडल्याचं पाप मला लागू नये.) मिसुरी राज्यातल्या एका उतरती कळा लागलेल्या गावात, लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी डन नाहीशी होते. एक प्रकरण नवऱ्याचं, एक एमीच्या डायरीतलं, असं पुस्तक पुढे सरकतं. डायरी आधी लाघवी असते, मग हळूहळू भेदरत जाते. निम्म्या वाटेवर कळतं, की ती पोलिसांच्या हाती पडावी म्हणूनच लिहिलेली होती. आपण फसतो, पण फसवणारी एमी असते आणि तिला तसं करायला तिच्यापुरतं सबळ कारण असतं. मंदीत दोघांच्या गेलेल्या नोकऱ्या, न्यूयॉर्क सोडून नवऱ्याच्या गावी येऊन राहणं, त्याचं बाहेरचं प्रकरण, सगळं त्या कारणात मुरलेलं आहे. शिवाय मोठा उलगडा मध्यावरच करून टाकायची हिंमत! उरलेलं अर्धं पुस्तक तरीही हातातून सुटत नाही.

आता पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५) घ्या. सुरुवात फार चांगली आहे. लंडनच्या लोकलमधून रोज जाणारी रेचेल खिडकीतून एका घरातलं जोडपं बघते, मनानेच त्यांना जेस आणि जेसन अशी नावं देते, त्यांचा सुखी संसार कल्पनेत रंगवते. लोकलने जन्म काढलेल्या मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. पण रेचेलला दारूचं व्यसन आहे, त्यामुळे घटनेच्या रात्रीचं तिला काही आठवत नाही. पुढे आठवतं ते तुकड्या-तुकड्याने, आणि नेमकं लेखिकेला सोयीचं असेल तेव्हाच. व्यसनी बाईची तडफड पहिल्या शंभर पानांत खरी वाटते. पुढे विस्मरण हे नुसतं कथानकाचं अवजार उरतं.

अलेक्स मायकेलिडीसच्या ‘द सायलेंट पेशंट’चा (२०१९) तर भलताच गाजावाजा झाला. चित्रकार अलिशिया नवऱ्याला पाच गोळ्या घालते आणि त्यानंतर तोंडातून शब्द काढत नाही. मानसोपचारतज्ज्ञ थिओ फेबर तिला बोलतं करायला निघतो. कल्पना झकास आहे. मात्र शेवटचा धक्का बसला की मागे वळून पाहावं, तर लपवालपवी प्रकरणांच्या मांडणीतून केलेली दिसते. अलिशियाची डायरीही अशी, की तिच्यात संवाद अवतरणचिन्हांसकट उतरवलेले! संकटात सापडलेली बाई असं लिहीत बसेल?

फ्रीडा मॅकफॅडनच्या ‘द हाउसमेड’बद्दल (२०२२) फार लिहिण्यासारखं नाही. तुरुंगातून सुटलेली मोलकरीण, श्रीमंत घर, आणि बाहेरूनच कुलूप लागणारी माळ्यावरची खोली. लेखिका पेशाने डॉक्टर आहे आणि टोपणनावाने लिहिते. प्रकरणं आखूड, भाषा बेताची, वेग जबर. एका बैठकीत संपते आणि चार दिवसांनी मालकिणीचं नावही आठवत नाही.

रिचर्ड ऑस्मनची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (२०२०) मात्र लक्षात राहते, आणि ती रहस्यामुळे नव्हे. केंटमधल्या निवृत्तांच्या वसाहतीतले चार म्हातारे जुन्या खुनांच्या फायली चाळतात. मग बिल्डरांच्या भानगडीतून खराच खून पडतो. खुनाचा उलगडा ढिसाळ आहे, कबुलीजबाब गरजेपेक्षा जास्त आहेत. पण त्यातली एलिझाबेथ रोज डायरीत दोन आठवडे पुढच्या पानावर स्वतःसाठी एक प्रश्न लिहून ठेवते आणि तो दिवस आला की उत्तर आठवतंय का ते तपासते. नवऱ्याची स्मृती डोळ्यांदेखत चाललेली. आपलीही जाते आहे का, याची ही रोजची परीक्षा. एवढ्या एका तपशिलात जी भीती आहे, ती ‘हाउसमेड’च्या सगळ्या कुलपांत मिळून नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत वरची वाटते ती केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. मूळ जपानी २००५ची, नाओकी पुरस्कार मिळालेली; इंग्रजीत आली २०११ साली. आपल्याकडे २०२३च्या ‘जाने जान’ चित्रपटामुळे तिची गोष्ट पोचली. खून कोणी केला, कसा केला, हे हिगाशिनो सुरुवातीलाच दाखवून टाकतो. डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको आणि तिची मुलगी मिळून छळणाऱ्या माजी नवऱ्याचा गळा आवळतात, तोही घरातल्या गरम टेबलाच्या वायरने. शेजारचा गणिताचा शिक्षक इशिगामी दार वाजवतो आणि पुढचं सगळं आपल्या अंगावर घेतो. तो परीक्षेत असा प्रश्न घालतो, की दिसायला भूमितीचा, सोडवायला बीजगणिताचा. मुलं गृहीत धरून चालतात आणि चुकतात. हे तो बोलून दाखवतो, आपण वाचतो, मान डोलावतो आणि तरीही तशीच चूक करतो. पहिल्याच पानांवर इशिगामी नदीकाठाने चालत कामाला जातो. ती पानं पुस्तक संपल्यावर पुन्हा वाचा. सगळं समोर मांडलेलं होतं.

हा चोखपणा काही नवा नव्हे. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्येही वाचकाला खोटं काही सांगितलेलं नाही, आपणच भोळसटासारखे वाचतो.

आणि आपण? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय-छोटू, झुंझार आणि काळापहाड यांच्यासाठी वाचनालयात नंबर लागायचे. सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासचेही भक्त होते. आज दुकानात थरारकथेचा कप्पा बघावा, तर अनुवादांचीच गर्दी. अनुवाद यायलाच हवेत. पण पुनर्विकासाला निघालेली सोसायटी, सह्या न करणारे दोन म्हातारे, परदेशात गेलेली मुलं आणि घरी एकटी उरलेली आई, एवढा ऐवज दाराशी असताना मराठी रहस्यकादंबरी कुठे आहे? ऑस्मनने बिल्डर आणि म्हातारे घेऊन जगभर खपणारी मालिका उभी केली. आपल्या लेखकांना हे सुचत नसेल, यावर माझा विश्वास नाही. बहुधा ते मालिका आणि वेबसीरिज लिहिण्यात अडकलेत.

तोवर प्रकाशकांना एक विनंती. मलपृष्ठावर ‘कल्पनाही करता येणार नाही असा शेवट’ हे वाक्य छापणं कृपा करून बंद करा. ते वाचलं की वाचक पहिल्या पानापासून फक्त शेवटाचा माग काढत बसतो, आणि मधली तीनशे पानं फुकट जातात.