रिकामा पूल, रिकामी टाकी

स्केटबोर्डिंग आणि पंक रॉक यांचं नातं सांगताना बहुतेक जण स्वभावावर बोट ठेवतात. इकडेही बंडखोर पोरं, तिकडेही बंडखोर पोरं, दोन्हीकडे वेग, दोन्हीकडे गुडघे फुटणं, म्हणून जमलं. स्टेसी पेराल्टाची 'डॉगटाउन अँड झेड-बॉइज' (२००१) ही डॉक्युमेंटरी साधारण हेच सांगते. मी ती चार-पाच वेळा पाहिलीय, आणि अजूनही आवडीने पाहतो. पण तिचं म्हणणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण लातूर आहे.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्तरच्या दशकातली गोष्ट. लॉस एंजेलिसजवळ सांता मोनिका आणि व्हेनिसच्या किनाऱ्यावरची पडकी वस्ती. समुद्रात बांधलेलं, १९६७ मध्ये बंद पडलेलं एक अम्युझमेंट पार्क, आणि त्याच्या सडक्या खांबांमधून सर्फिंग करणारी साध्या घरांतली पोरं. लाटा पडल्या की हीच पोरं रस्त्यावर चाकांवर. युरेथेनची नवी चाकं नुकतीच बाजारात आली होती, ती जुन्या चाकांसारखी वळणावर दगा देत नव्हती. अशात १९७६-७७ चा कॅलिफोर्नियातला मोठा दुष्काळ. पाण्यावर निर्बंध आले, बंगल्यांमागचे स्विमिंग पूल कोरडे पडले. पोरं कुंपणावरून आत उतरली, तळाचं घाण पाणी उपसलं आणि पूलच्या गोलाईदार भिंतींवर बोर्ड चढवायला लागली. पोलीस आले की पळायचं. आज ऑलिम्पिकमध्ये जे हवेत उडणारं स्केटबोर्डिंग दिसतं, त्याचं मूळ बऱ्याच अंशी या कोरड्या खड्ड्यांत आहे.

आता लातूर. २०१६ च्या उन्हाळ्यात मी तिथे अकरावी संपवून बारावीच्या क्लासला होतो. मांजरा धरण आटलेलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांभोवती कलम १४४ लागू झालं, म्हणजे घागर घेऊनही घोळक्याने उभं राहायचं नाही. १२ एप्रिलला मिरजहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची यायला लागली. आमच्या रूमच्या गच्चीवरची टाकी दिवसेंदिवस कोरडी असायची. तिचं झाकण काढून आत ओरडलं की आवाज घुमायचा, एवढाच त्या रिकामेपणाचा उपयोग.

त्या दुष्काळाने पोरांना खेळ दिला आणि या दुष्काळाने रांग दिली, यात स्वभावाचा काही संबंध नाही. तिथे आटली ती चैन. पोरांच्या घरच्या नळाला पाणी होतं. पेराल्टा हे सांगत नाही, कारण त्याला 'आम्हीच तसे होतो' हे सांगायचंय. तो स्वतः त्या टोळीतला. पुढे स्केटबोर्डची मोठी कंपनी काढणारा, आणि डॉक्युमेंटरीला पैसा व्हॅन्स या बूट कंपनीचा. स्वतःच्या जवानीवर स्वतःच सिनेमा काढला की असं होणारच.

दुसरा पुरावा खुद्द साउंडट्रॅकमध्ये आहे. डॉगटाउनच्या दृश्यांवर काय वाजतं? मुख्यतः हेंड्रिक्स, लेड झेपलिन, ब्लॅक सॅबथ, एरोस्मिथ. ही पोरं हार्ड रॉक ऐकत होती. डेल मारच्या ज्या स्पर्धेत त्यांनी जुन्या स्केटर्सना गार केलं ती १९७५ ची. रामोन्सचा पहिला अल्बम १९७६ चा. म्हणजे पंकवालं बंड त्यांच्या अंगावर नंतर चढवलेलं जॅकेट आहे.

मग खरी गाठ कधी पडली? माझ्या मते स्केटबोर्डिंग बुडालं तेव्हा. १९८० च्या आसपास अमेरिकेतले स्केटपार्क एकामागोमाग बंद पडले. विम्याचे हप्ते परवडेनात, पोरं पडली की खटल्यांची भीती, त्यात फॅशन ओसरलेली. 'स्केटबोर्डर' नावाचं मोठं मासिक नाव बदलून सगळेच खेळ छापायला लागलं आणि मग संपलं. उरले ते घरामागे प्लायवूड ठोकून रॅम्प करणारे. नेमकं त्याच काळात हार्डकोर पंक बँड गॅरेजमध्ये आणि भाड्याच्या हॉलमध्ये वाजवत होते, कारण त्यांनाही कोणी दारात उभं करत नव्हतं. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'थ्रॅशर' मासिक निघालं. १९८३ पासून त्यांनी 'स्केट रॉक' नावाने स्केटर्सच्या बँडच्या कॅसेट काढल्या. स्टीव्ह कॅबालेरोसारखा अव्वल स्केटर 'द फॅक्शन' या बँडमध्ये वाजवत होता. 'सुइसायडल टेंडन्सीज'चा गायक माइक म्युअर हा झेड-बॉय जिम म्युअरचा धाकटा भाऊ. बाजार उठून गेल्यावर मैदानात राहिलेली ही माणसं. रॅम्प आपला आपण, रेकॉर्ड आपली आपण, मासिकही आपलं आपण. हे नातं मंदीतलं आहे.

इथे मराठी वाचकाला अनियतकालिकं आठवणारच. १९५० आणि ६० च्या दशकातली 'शब्द', 'असो', औरंगाबादची 'वाचा'. मोठी मासिकं छापत नाहीत ना, मग आपणच छापू. थ्रॅशरच्या कितीतरी आधी. पण 'हे आपलं पंक' असं म्हणायचा मोह मी टाळतो. विशेषतः आंबेडकरी जलशांना कोणी 'देशी पंक' म्हटलं की माझं डोकं फिरतं. ज्या गाण्याला स्वतःचं नाव, स्वतःचा श्रोता आणि शतकभराचा इतिहास आहे, त्याला लंडनहून ओळखपत्र मागवायची गरज काय?

तर आमच्याकडे हे दोन्ही आलं कसं? पंक आलं गेममधून. नांदेडच्या सायबर कॅफेत 'टोनी हॉक्स प्रो स्केटर २'ची पायरेटेड कॉपी होती. बॅड रिलिजन, लॅगवॅगन, मिलेनकोलिन हे बँड मी तिथे तासाला वीस रुपये देऊन ऐकले, एक शब्दही न समजता. आणि स्केटिंग आलं कोचबरोबर. मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरात संध्याकाळी मैदानावर बघा, हेल्मेट घातलेली पोरं रोलर स्केट्सवर गोल-गोल फिरत असतात, मध्ये शिट्टी घेतलेले सर, कडेला दप्तर धरून बसलेले आई-बाबा. शेवटी मेडल आणि सर्टिफिकेट, जमलंच तर दहावीला खेळाचे वाढीव गुण. लातूर पॅटर्नला चाकं लावली की असं दिसतं. मी चेष्टा करत नाहीये, त्या पोरांचा तोल माझ्यापेक्षा शंभरपट चांगला आहे. पण चाकं आली आणि परवानगीही सोबतच आली, आधीपासून सही-शिक्क्यासकट.

म्हणून मी 'स्केटर गर्ल' (२०२१) मोठ्या आशेने लावला होता. मंजरी माकिजानीचा सिनेमा, राजस्थानातलं खेमपूर गाव, स्केटबोर्ड शिकणारी प्रेरणा. गावात पोरांच्या स्केटिंगवर बंदी येते. इथे सिनेमा पेटायला हवा होता. पण लंडनहून आलेली जेसिका महाराणीकडे जाते, वहिदा रेहमान हसतात, जमीन मिळते, स्केटपार्क उभा राहतो. बंदीवर उपाय म्हणून थेट राजवाड्याची परवानगी! वर सलीम-सुलेमानचं उमेद देणारं संगीत. शेवटी लग्न सोडून पळालेली प्रेरणा कुठे पोचते, तर स्पर्धेत. पुन्हा मेडलच.

तरी हा सिनेमा मला सरळ मोडीत काढता येत नाही. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं गाव आहे. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये तिथे स्केटपार्क उभा केला. तिथले दोन नियम प्रसिद्ध आहेत: शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि आधी मुली. पहिला नियम ऐकून कॅलिफोर्नियातला कुठलाही पंक हसेल. शाळा बुडवणं हा तर त्यांचा मूळ धर्म. मीही हसलो असतो, पण माझी आजी दुसरीत शाळेतून काढलेली. जिला शाळेत जाऊ दिलं जात नाही, तिने शाळेत जाणं हेच कुंपणावरून आत उतरणं असतं. आणि जिथे आदिवासी पोरं आणि यादवांची पोरं एरवी एकत्र खेळत नाहीत, तिथे मुलीने रांगेत पुढे उभं राहून बोर्ड घेणं ही थ्रॅशरच्या कुठल्याही मुखपृष्ठापेक्षा धाडसाची गोष्ट आहे. डॉगटाउनच्या सबंध टोळीत मुलगी एकच होती, पेगी ओकी, आणि डॉक्युमेंटरी तिला काही मिनिटांत उरकते.

त्यामुळे 'स्केटर गर्ल'वर माझा राग शाळेवरून किंवा मेडलवरून नाही. तो एका गाडीवरून आहे. सुरुवातीला प्रेरणाच्या धाकट्या भावाकडे फळीला चाकं लावून केलेली घरगुती गाडी दिसते. जेसिका ती बघून थांबते, आणि मग खरे, चकाचक बोर्ड गावात येतात. ती फळी सिनेमा लगेच विसरतो. अमेरिकेतले सुरुवातीचे स्केटबोर्डही असेच होते, फळीला जुन्या रोलर स्केटची चाकं ठोकलेले. आमच्याकडे तिला बेरिंगचा गाडा म्हणतात. गॅरेजवाल्याकडून बाद झालेली तीन बेरिंगं मागून आणायची, मागे दोन, पुढे एक, पायाने वळवायचं. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते नवे झाले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्या गुळगुळीत सिमेंटवर लोखंडी बेरिंगांचा आवाज इतका कर्कश यायचा की दुपारी झोपलेली अख्खी गल्ली शिव्या देत दारात यायची. आम्ही तोवर पुढच्या चौकात.