विस्तार-रॉमचा आकृतिबंध : एक पाठचिकित्सा

संगणकाच्या मूळ बायॉसला जे कार्ड ठाऊक नाही, त्या कार्डाने यंत्र सुरू होतानाच आपली आज्ञावली त्याच्या स्वाधीन कशी करावी, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे विस्तार-रॉम होय. आय.बी.एम. पी.सी. १९८१ साली बाजारात आला. असे रॉम शोधण्याची सोय मात्र त्याच्या बायॉसच्या १९८२ मधील सुधारित आवृत्तीत झाली.

या आकृतिबंधाचा पहिला गुण मितभाषित्व हा होय. स्मृतीच्या ठराविक टापूत बायॉस दर २०४८ बाइटांवर थांबून पाहते. तेथील पहिल्या दोन बाइटांत ०१०१०१०१ आणि १०१०१०१० ही ओळखखूण असावी, तिसऱ्यात ५१२ बाइटांच्या एककांत मोजलेली लांबी असावी आणि चौथ्यापासून आज्ञा सुरू व्हाव्यात, एवढीच अट आहे. शिवाय त्या लांबीतील सर्व बाइटांच्या बेरजेस २५६ ने निःशेष भाग जावा लागतो.

ही योजना पाहून जुन्या पोथ्यांची आठवण होते. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून लेखक पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या नोंदवीत. अशा नोंदीवरून गळलेले पान लक्षात येते. परंतु एक श्लोक काढून तेवढ्याच लांबीचा दुसरा घातला, तर संख्या मूग गिळून बसते. विस्तार-रॉमच्या बेरजेची गत हीच आहे. दोन बाइटांची अदलाबदल तिला कळत नाही आणि हेतुपुरस्सर केलेला बदल एका बाइटाच्या फेरफाराने झाकता येतो. ती झीज ओळखते, प्रक्षेप ओळखत नाही.

पुढे पी.सी.आय. पद्धतीने शीर्षात एका कोष्टकाचा निर्देश घातला. त्या कोष्टकात निर्मात्याचा व उपकरणाचा क्रमांक, तसेच आज्ञावलीचा प्रकार असतो. एका रॉममध्ये अनेक पाठ ठेवण्याची सोयही झाली. तथापि नाव सांगणे म्हणजे नाव सिद्ध करणे नव्हे. डिसेंबर २०१४ मध्ये हॅम्बुर्ग येथे ट्रॅमेल हडसन यांनी थंडरबोल्ट जोडणीतील विस्तार-रॉमच्या द्वारे मॅकबुकचे मूळ फर्मवेअरच बदलता येते, हे दाखविले.

भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत प्रक्षेपांचा निर्णय श्लोकसंख्येवर सोडलेला नाही. पोथ्या परस्परांशी ताडून पाहिल्या आहेत. पाठाची साक्ष पाठाबाहेरून घ्यावी लागते, हे तत्त्व येथेही लागू पडते. यू.ई.एफ.आय. २.३.१ या २०११ च्या विनिर्देशातील सिक्युअर बूट ते स्वीकारते : रॉममधील आज्ञावलीवर स्वाक्षरी असते आणि ती पडताळण्याची किल्ली यंत्रापाशी असते.

सारांश, मूळ आकृतिबंध अपुरा असला तरी त्यास सदोष म्हणणे अन्यायाचे होईल. कार्ड बसविणारा माणूस विश्वासू आहे, हे त्याचे गृहीतक होते. ते गृहीतक सुटले आणि आकृतिबंध मात्र तसाच राहिला, येथे खरी चूक झाली. स्वाक्षरीने ती बऱ्याच अंशी दुरुस्त होते. परंतु कोणाची स्वाक्षरी ग्राह्य धरावी हे यंत्राच्या मालकाने ठरवावे की निर्मात्याने, हा वाद तिच्यामुळे मिटत नाही, सुरू होतो.