चार्लीचे अशुद्धलेखन : एका शालेय कथेचा भाषावैज्ञानिक विचार

अमेरिकेतील मिडल स्कूलमध्ये, म्हणजे सामान्यतः इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांत, ‘इंग्रजी’ ह्या एका विषयाच्या नावाखाली वस्तुतः तीन विषय नांदत असतात : वाङ्मय, लेखन आणि व्याकरण. वाङ्मयाच्या तासाला कथेतील पात्रांच्या स्वभावाची चर्चा होते, लेखनाच्या तासाला निबंध होतो आणि व्याकरणाच्या तासाला नाम, सर्वनाम, क्रियापद ओळखण्याचे स्वाध्याय होतात. तिन्ही तास एकाच शिक्षकाचे असले तरी त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. कथेतील वाक्याला व्याकरण असते आणि व्याकरणातील वाक्य कोणीतरी, कोणासाठी तरी लिहिलेले असते, ह्या दोन साध्या गोष्टी विद्यार्थ्याच्या लक्षात येण्याचे प्रसंग म्हणूनच थोडे. ह्या वर्गांत दीर्घकाळ वाचल्या जाणाऱ्या एका कथेत मात्र ही गाठ लेखकाने स्वतःच मारून ठेवली आहे. ती कथा म्हणजे डॅनियल कीज ह्यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’.

ही कथा एप्रिल १९५९ मध्ये ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’ ह्या मासिकात प्रसिद्ध झाली व १९६० साली तिला ह्यूगो पारितोषिक मिळाले. पुढे कीज ह्यांनी तिचा विस्तार करून १९६६ मध्ये त्याच नावाची कादंबरी लिहिली. शाळांच्या वाचनमालांत प्रायः मूळ कथाच घेतली जाते, आणि प्रस्तुत विवेचनही तिच्यापुरतेच आहे. चार्ली गॉर्डन हा सदतीस वर्षांचा, ६८ बुद्ध्यंकाचा झाडूवाला दिवसा कारखान्यात काम करतो आणि संध्याकाळी मिस किनियन ह्यांच्या प्रौढांच्या वर्गात लिहावयास-वाचावयास शिकतो. बुद्धी वाढविणारी एक शस्त्रक्रिया त्याच्यावर करण्यात येते. तीच शस्त्रक्रिया आधी अल्जर्नन नावाच्या उंदरावर झालेली असते. चार्ली असामान्य बुद्धिमान होतो; पण लाभलेली बुद्धी टिकत नाही, हे आधी उंदराच्या आणि मग त्याच्या बाबतीत सिद्ध होते. ही सारी हकीकत चार्लीने मार्च ते जुलै ह्या काळात लिहिलेल्या प्रगतीच्या अहवालांतून कळते. निवेदनाला दुसरा आवाज नाही. म्हणून बुद्धीचा चढउतार वाचकाला सांगितला जात नाही, तो चार्लीच्या लेखनात दिसतो.

आरंभीचे अहवाल चुकीच्या स्पेलिंगांनी भरलेले आहेत. त्यांवर सहज सुचणारा वर्गातला स्वाध्याय एकच : चुका शोधा व दुरुस्त करा. तो निरुपयोगी आहे असे नाही. परंतु तेवढाच केल्यास विद्यार्थ्याच्या मनात एक गैरसमज पक्का होतो. ज्याचे लेखन अशुद्ध त्याची भाषा तोकडी, आणि ज्याची भाषा तोकडी त्याची बुद्धी तोकडी, असे दुहेरी समीकरण तो नकळत मांडतो. कथेतील भाषा बारकाईने पाहिली तर ह्या समीकरणाची पहिली बाजू टिकत नाही.

चार्लीचे अगदी पहिले वाक्य पाहावे. आपल्याला काय वाटते आणि आजपासून आपल्या बाबतीत जे जे घडेल ते सर्व आपण लिहून ठेवावे असे डॉक्टर सांगतात, अशा आशयाचे ते वाक्य आहे. शालेय पद्धतीने त्याचे वाक्यपृथक्करण केले तर एका प्रधानवाक्याच्या पोटात तीन गौणवाक्ये सापडतात. डॉक्टर काय सांगतात हे सांगणारे एक नामवाक्य. काय लिहावे हे सांगणारे, त्या नामवाक्याच्याही पोटात बसलेले दुसरे नामवाक्य. आणि ‘सर्व’ ह्या शब्दाचे विशेषण होऊन आलेले एक विशेषणवाक्य. असे तिहेरी गुंफलेले मिश्रवाक्य तो कोठेही न अडखळता लिहितो. चुकते ते स्पेलिंग. ‘लिहिणे’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आरंभीचे, लिहिले जाणारे पण न उच्चारले जाणारे अक्षर तो गाळतो. पुढेही अनेक शब्द तो कानाला ऐकू येतात तसे उतरवितो. प्रमाणभाषेला न मानवणारी रूपेही अधूनमधून येतात, परंतु वाक्यरचनेचा सांगाडा शाबूत असतो. तात्पर्य, चार्लीपाशी इंग्रजी भाषा आहे. नाही ती इंग्रजीची लेखनपद्धती. बोलणे हे मूल न शिकविता आत्मसात करते, लिहिणे त्याला शिकवावे लागते. भाषाविज्ञानाच्या पहिल्या धड्यातला हा भेद एरवी बारा वर्षांच्या मुलाला समजावून देणे कठीण. चार्लीचे पहिलेच वाक्य तो दाखवून देते.

उच्चारात काहीही फरक न करता केवळ लिहिण्यात शब्द विचित्र दाखविण्याच्या ह्या युक्तीला जॉर्ज फिलिप क्रॅप ह्यांनी १९२५ साली ‘आय डायलेक्ट’, म्हणजे केवळ डोळ्यांना दिसणारी बोली, असे नाव दिले. सामान्यतः विनोदी लेखक तिचा उपयोग पात्राला अडाणी ठरविण्यासाठी करतो. उच्चार सर्वांचा सारखाच असूनही स्पेलिंग एकट्याचेच बिघडविले जाते, आणि वाचक व लेखक पात्राच्या माथ्यावरून एकमेकांकडे पाहून हसतात. कीज ह्यांनी हीच युक्ती उलटविली. येथे स्पेलिंग लेखक बिघडवीत नाही, पात्रच आपल्या हाताने लिहीत आहे. मार्क ट्वेनचा हकलबेरी फिन प्रमाणभाषेचे व्याकरण मोडतो, पण थोडे शब्द वगळता त्याचे स्पेलिंग रूढ आहे. विल्यम फॉकनर ह्यांच्या ‘द साउंड अँड द फ्यूरी’ (१९२९) मधील मतिमंद बेंजीचे निवेदन तुटक असले तरी स्पेलिंग निर्दोष आहे, कारण बेंजी ते लिहीत नाही. चार्ली लिहितो, आणि लिहिण्याचे कष्ट वाचकासमोर घेतो. ह्या तीन निवेदकांची तुलना ही वाङ्मयाच्या तासाला शोभणारी चर्चा आहे आणि व्याकरणाच्याही.

कथेच्या पूर्वार्धातील स्वल्पविरामाचा प्रसंग ह्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. मिस किनियन चार्लीला स्वल्पविराम शिकवितात. चार्ली आनंदाने जवळजवळ प्रत्येक शब्दापुढे तो टाकतो. मग इतर विरामचिन्हे कळतात आणि तो ती सगळी मिसळून टाकतो. पुढे एका रात्री व्याकरणाचे पुस्तक वाचतो आणि सारे एकदम उलगडते. शिक्षिकेने सांगितले होते तेच पुस्तकात आहे, आपल्याला तेव्हा कळले नव्हते, अशी कबुलीही देतो. प्रसंग हास्यकारक आहे, पण त्यातला पहिला भाग शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. नवा नियम शिकणारा तो आधी सर्वत्र लावतो आणि मग हळूहळू त्याची मर्यादा ओळखतो. लहान मुले बोलावयास शिकताना हेच करतात. चिन्हांचा हा अतिरेक म्हणजे अज्ञान नसून शिकण्याची एक पायरी होय. दुसऱ्या भागाविषयी मात्र शंका घेतली पाहिजे. व्याकरणाचे पुस्तक वाचल्याने लेखन एका रात्रीत सुधारते हा शाळेचा जुना भाबडा विश्वास आहे, आणि स्वतः इंग्रजीचे अध्यापन केलेल्या कीज ह्यांनी तो येथे तसाच राहू दिला आहे.

ह्या विश्वासाला कथेनंतर चारच वर्षांनी जबरदस्त धक्का बसला. रिचर्ड ब्रॅडॉक, रिचर्ड लॉइड-जोन्स आणि लोवेल शोअर ह्यांनी १९६३ मध्ये लेखनविषयक संशोधनाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाने लेखन सुधारण्यावर होणारा परिणाम नगण्य असतो, किंबहुना लेखनाचा वेळ व्याकरण खात असल्याने तो अपायकारकही ठरतो, असा निष्कर्ष होता. त्याचा अर्थ पुष्कळांनी ‘व्याकरण नको’ असा घेतला. तो घाईचा होता. केलॉग हंट ह्यांनी १९६५ मध्ये चौथी, आठवी व बारावीच्या विद्यार्थ्यांचे लेखन तपासले. प्रधानवाक्य आणि त्याला जोडलेली गौणवाक्ये मिळून एक घटक धरला, तर वयाबरोबर ह्या घटकाची लांबी वाढते. लहान मुले प्रधानवाक्ये ‘आणि’ने ओवीत जातात, मोठी मुले तोच मजकूर एकमेकांच्या पोटात बसवितात, असे त्यांना आढळले. पुढे १९७३ मध्ये फ्रँक ओहेअर ह्यांनी सातवीच्या मुलांकडून सुटी वाक्ये जोडून मोठी वाक्ये तयार करण्याचा सराव करून घेतला. पारिभाषिक संज्ञा न शिकविताही मुलांचे लेखन सुधारले. म्हणजे उपयोगी पडते ते व्याकरणाचे नाव नव्हे, व्याकरणाचे काम.

ह्या संशोधनाच्या उजेडात कथा पुन्हा वाचली म्हणजे तिचे शैक्षणिक मोल स्पष्ट होते. मार्चमधील अहवालाचा एक परिच्छेद घ्यावा आणि मे महिन्यातील चार्लीने तो कसा लिहिला असता ते विद्यार्थ्याने लिहून पाहावे. मग मे महिन्यातील एक परिच्छेद मार्चमधील चार्लीच्या हाती द्यावा. पहिले काम वाक्ये गुंफण्याचे, दुसरे ती सोडविण्याचे. दुसरे काम करताना विद्यार्थ्याला कळून येते की नुसते स्पेलिंग बिघडविल्याने चार्ली होत नाही. शब्दांची निवड, विधानांचा क्रम, न विचारलेले प्रश्न, हे सर्व बदलावे लागते. त्याच वेळी आणखीही एक गोष्ट ध्यानात येते : मधल्या काळातील चार्लीची पल्लेदार वाक्ये प्रत्येक वेळी अधिक चांगली नसतात. एक वेळ अशी येते की मिस किनियन ह्यांनाही त्याचे बोलणे समजेनासे होते. भाषा पूर्ण झाली आणि ऐकणारे कोणी उरले नाही. लांब वाक्य म्हणजे उत्तम वाक्य असे मानणाऱ्या निबंधवहीला हा समर्पक इशारा आहे.

तथापि कथेतील एक दोष मान्य केलाच पाहिजे. बुद्धीचा आलेख दाखविण्यासाठी कीज स्पेलिंगचा काटा वापरतात. वाचकाच्या सोयीसाठी हे संकेत म्हणून क्षम्य आहे. परंतु ज्या वर्गात कथा वाचली जाते त्या वर्गात स्पेलिंग न जमणारी, पण बुद्धीने कोठेही उणी नसलेली मुले बसलेली असतात. घरी प्रमाणभाषेहून वेगळी इंग्रजी बोलणारीही असतात. अशा बोलींना त्यांचे स्वतःचे काटेकोर नियम असतात आणि त्यांतून तर्कशुद्ध विचार मांडता येतो, हे विल्यम लबॉव्ह ह्यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीच्या आधारे १९६९ मध्ये दाखवून दिले. आपल्या वहीसारखी दिसणारी भाषा कथेत मंदबुद्धीचे लक्षण म्हणून येते, हे अशा मुलाला कोणी न सांगताच कळते. शिक्षकाने येथे गप्प बसणे म्हणजे कथेला तिच्या हेतूच्या विरुद्ध वापरणे होय.

कारण कथेचा हेतू नेमका उलट आहे. कारखान्यातील सोबती चार्लीचे नाव चूक ह्या अर्थाने वापरतात; कोणी घोटाळा केला की त्याने ‘चार्ली गॉर्डन केला’ असे म्हणतात. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही व्याकरणातील निरुपद्रवी घटना. येथे तिने एक माणूस चेचला जातो. आरंभी चार्ली त्या हसण्यात सामील होतो, कारण त्याला तो वाक्प्रचार कळत नाही. पुढे उपाहारगृहात बशा धुणाऱ्या मतिमंद मुलाच्या हातून बशा फुटतात, लोक हसतात, चार्लीही क्षणभर हसतो, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःला ओळखून संतापाने उभा राहतो. वाचकानेही तोवर चार्लीच्या स्पेलिंगला हसून घेतलेले असते. तो संताप वाचकावरही आहे.

ही कथा मराठीत आणू म्हणणाऱ्यापुढे एक बोधप्रद अडचण उभी राहते. देवनागरी लेखन उच्चाराला पुष्कळच जवळ असल्याने न उच्चारलेले अक्षर गाळण्याची सोय मराठीत जवळजवळ नाही. तरीही चार्ली मराठीत लिहू शकेल : तो ऱ्हस्वदीर्घ चुकवील, ‘ष’च्या जागी ‘श’ लिहील. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. ते नियम लेखनाचे आहेत, बोलण्याचे नव्हेत. परंतु त्यांसाठी रूढ असलेल्या ‘शुद्धलेखन’ ह्या नावातील ‘शुद्ध’ हा शब्द लेखनावरून माणसावर घसरावयास वेळ लागत नाही. म्हणून ‘प्रमाणलेखन’ ही संज्ञा अधिक निर्दोष होय. इंग्रजीच्या वर्गातील प्रश्न आणि मराठीच्या वर्गातील प्रश्न येथे एक होतात.

कथेच्या शेवटी चार्लीची विरामचिन्हे ढासळतात, स्पेलिंग परत बिघडते, आवडीने वाचलेले मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ समजेनासे होते. शेवटची ओळ म्हणजे ताजा कलम आहे : जमल्यास मागच्या अंगणातील अल्जर्ननच्या थडग्यावर फुले ठेवावीत, अशी विनंती. तिच्यात स्पेलिंगच्या चुका आहेत. पण वाक्यपृथक्करण केले तर त्यात एक आज्ञार्थी प्रधानवाक्य आहे, अट दाखविणारे एक क्रियाविशेषणवाक्य आहे, आणि दुसऱ्याला अडचण होऊ नये म्हणून ती अट घातलेली आहे. लाल पेन्सिल हाती घेतलेल्या शिक्षकाला ह्या ओळीत आधी चुका दिसतील. वर्गाला आधी त्यातले बरोबर काय ते विचारणे, हे त्याच्या हाती आहे.