पॅकेज चाललं, पण त्यातलं नेमकं काय चाललं?

आज माझीच एक चूक सांगतो. विद्यार्थ्यांना मदत कशी वाढवायची यावर आमच्या विभागात बैठक होती. मी एका गाजलेल्या अमेरिकन अहवालाचा दाखला देऊन म्हणालो, "प्रत्येकाला मेंटॉर द्या, पास होणारे दुप्पट होतील." एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "त्यात फक्त मेंटॉरच होता का?" मी फक्त गोषवारा वाचला होता. गप्प बसलो.

घरी येऊन पूर्ण वाचला. अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं मुख्यतः दोन वर्षांची पदवी देतात. प्रवेश सोपा, पण पदवी हाती पडते थोड्यांच्याच. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये 'एसॅप' हा कार्यक्रम सुरू केला. एमडीआरसी या संस्थेने तिथल्या तीन कॉलेजांतले ८९६ विद्यार्थी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. तीन वर्षांत पदवी मिळवणारे एसॅप गटात ४० टक्के, दुसऱ्या गटात २२ टक्के.

गट यादृच्छिक पाडल्यामुळे हा फरक कार्यक्रमामुळेच पडला असं म्हणता येतं. अभ्यासाची ही खरी ताकद. आता मर्यादा बघू.

पहिली, 'काय दिलं?' सल्लागार होताच, आणि त्याच्याकडे फक्त ६० ते ८० विद्यार्थी. एरवी एकाकडे ६०० हून जास्त असायचे. पण सोबत उरलेली फी माफ, पुस्तकं फुकट, नियम पाळले तर मेट्रोचा पास, शिकवणी आणि पूर्णवेळ शिकण्याची अटही होती. प्रयोगशाळेत एका वेळी पाच गोष्टी बदलल्या तर गाइड ओरडतील! इथे मात्र लेखकांची चूक नाही. त्यांनी अख्खं पॅकेज तपासलं आणि तेवढंच सांगितलं. त्यातून एक तुकडा उचलला तो मी.

दुसरी, 'कोणावर?' पूर्णवेळ शिकायला तयार असलेल्यांवर. नोकरी सांभाळून एखाद-दुसरा विषय घेणाऱ्यांबद्दल हा आकडा काही सांगत नाही.

तिसरी, 'किती काळ?' सहा वर्षांनी आकडे ५१ आणि ४१ झाले. म्हणजे फरक १८ वरून १० टक्क्यांवर आला. काहींना पदवी नुसती लवकर मिळाली, पण काहींना एसॅप नसता तर त्या सहा वर्षांत मिळालीच नसती.

खर्चाचंही तसंच. तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर जास्त लागले. पण पदव्या इतक्या वाढल्या की एका पदवीमागचा खर्च उलट कमी पडला. छेद बदला, निष्कर्ष बदलतो.

पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हेच पॅकेज आपल्याकडे राबवलं. तिथे तीन वर्षांत ३५ विरुद्ध १९ टक्के.

आपल्याकडे नॅकसाठी मेंटॉर-मेंटीची वही बहुतेक कॉलेजांत असतेच. पण ज्याचे एसटी पासाचे पैसे संपलेत, त्याला त्या वहीतल्या सहीने काय होणार? बैठकीत मी सुचवला तो या पॅकेजमधला, वही भरून दाखवता येईल असा एक तुकडा होता. आणि पुरावा मात्र दाखवला अख्ख्या पॅकेजचा.

म्हणून कुठलाही पेपर वाचताना आधी पद्धतीचा भाग उघडा. काय दिलं, कोणाला दिलं, किती काळ मोजलं, हे तीन प्रश्न वहीत लिहा. निष्कर्ष त्यानंतर वाचा.