करवतीचा घाव

जुन्या तबकड्यांच्या ढिगात कधी एखादी अमेरिकन सीडी हाती लागते. डबीच्या कण्यावर करवतीचा सरळ घाव, आतली तबकडी मात्र कोरी करकरीत. नवखा ग्राहक ती वाटेत फुटली असे समजून खाली ठेवतो. वस्तुतः तो घाव मुद्दाम, हिशेबाने घातलेला असतो.

अमेरिकेत दुकानदाराला न खपलेला माल कंपनीकडे परत पाठवून पैसे वळते करून घेता येत. यादीतून काढलेला असा माल कंपनी घाऊक व्यापाऱ्याला मातीमोल भावाने देऊन टाकी. तीच सीडी पुन्हा पूर्ण किमतीने परत येऊ नये, म्हणून ही खूण. लाँग प्लेच्या काळात पुठ्ठ्याचा कोपरा छाटत किंवा भोक पाडत.

लाटंबार्सेच्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. दोडामार्गची हद्द जवळ, आणि बाटलीवरची 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' ही अक्षरे आपल्या नजरेखालची. आतला द्रव तोच, अक्षरे कराची. पण तिथे सरकारचा महसूल गुंतलेला असतो, इथे कलावंताचा वाटा. अशा कापीव मालावर गायकाला रॉयल्टी बहुधा मिळतच नसे. माझा आक्षेप कापण्याला नाही, या गोष्टीला आहे. मुखपृष्ठ विद्रूप झाले म्हणून हळहळणारे रसिक पुष्कळ. गायकाच्या खिशाची चौकशी करणारे थोडे.

आपल्याकडे पुस्तकावर 'अभिप्रायार्थ' असा शिक्का मारतात, आणि ती प्रत पुढे रद्दीत दिसते. (समीक्षकांनी रागावू नये!) अमेरिकेत 'विक्रीसाठी नाही' असे छापलेल्या प्रचाराच्या सीडींवरून खटला झाला. न मागता पाठवलेली सीडी घेणाऱ्याच्याच मालकीची होते, असा निकाल तिथल्या अपील न्यायालयाने २०११ साली दिला.

चीनची कथा याहून न्यारी. १९९०च्या दशकात पाश्चात्त्यांचा शिल्लक माल तिथे प्लॅस्टिकचे भंगार म्हणून जाई, आणि करवत थेट तबकडीच्या कडेवरच चाले. पण सीडी आतून बाहेर वाचली जाते. त्यामुळे शेवटची एखाद-दोन गाणी तेवढी जात, बाकीची शाबूत राहत. पोरे ती रस्त्यावर विकत घेत. 'दाकोउ', म्हणजे छेद दिलेली, हे त्या तबकड्यांचे नाव पुढे तिथल्या रसिकांच्या एका अख्ख्या पिढीला चिकटले. लाँग प्ले असती तर पहिलेच गाणे गेले असते, कारण तिची सुई बाहेरून आत जाते.