स्वाक्षरीपलीकडील काच : संग्रहमूल्याची चिकित्सा

फ्रेंच कलात्मक काच आणि मृत्तिकापात्रे यांच्या संग्रहव्यवहारात वस्तूचे मूल्य बहुधा तिच्यावरील स्वाक्षरीवरून ठरते. प्रस्तुत टिपणात या निकषाची चिकित्सा केली आहे.

नान्सी येथील एमिल गाले (१८४६–१९०४) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मृत्तिकापात्रे व काच या दोन्ही माध्यमांत त्यांनी काम केले. भिन्न रंगांचे काचेचे थर एकमेकांवर चढवून वरचा थर आम्लाने वा चाकाने कोरण्याच्या पद्धतीस त्यांच्यामुळे प्रतिष्ठा लाभली. तथापि त्यांच्या निधनानंतरही कारखाना चालू राहिला आणि आरंभीची काही वर्षे वस्तूंवर त्यांच्या नावाजवळ तारा उमटवला जाई. तात्पर्य, स्वाक्षरी ही कलावंताच्या हाताची नव्हे, कार्यशाळेची खूण ठरते.

रत्नागिरीच्या अभ्यासकास हा प्रश्न दूरचा नाही. ब्रह्मदेशाचे पदच्युत राजे थिबा यांच्यासाठी १९१० साली बांधलेल्या राजवाड्यातील रंगीत काच कोणा नामवंताच्या नावाने नव्हे, तर उजेडाशी आणि लाकडी चौकटीशी असलेल्या तिच्या नात्यातून समजून घ्यावी लागते. त्याच सुमारास, १९०८ साली, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. तेथील काचेचे महत्त्व एका कलावंतात नसून सामुदायिक श्रमात आहे.

केवळ स्वाक्षरी प्रमाण मानल्यास असा वारसा संग्रहाबाहेरच राहील. तंत्र, उपयोग आणि श्रम यांची नोंद ठेवणारा संग्रहच ज्ञानसाधन होऊ शकतो; अन्यथा तो मालमत्तेची यादी उरतो.